सुरकुत्या छापून दिलेलं कार्ड

कुरिअरवाल्याने पार्सल टेबलावर टाकलं, त्या आवाजावरूनच मला कळलं की आत खोका नाही. नुसती करड्या प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात माझा डार्थ व्हेडर, म्हणजे ‘स्टार वॉर्स’ सिनेमातल्या काळ्या मुखवट्याच्या खलनायकाची बाहुली. वीस वर्षं मी ब्लिस्टर कार्डं छापतेय. टूथब्रश, स्क्रू-ड्रायव्हर, केसांचे चाप, खोडरबरं, असं दुकानात खिळ्याला टांगून जे जे विकतात त्याच्या मागचा छापील पुठ्ठा आणि पुढचा पारदर्शक फुगा, हा आमचा नऱ्ह्याचा धंदा. ब्लिस्टरचा माल पिशवीत घालून पाठवायचा म्हणजे अंडी थैलीत भरून एसटीच्या टपावर टाकायची. पिशवी कापली तर कार्डाचा उजवा खालचा कोपरा मोडलेला आणि मधोमध एक लांब तिरकी घडी.

दुकान ऑनलाइन आहे, भारतातलंच आहे. नाव सांगत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही. फोटो काढून पाठवला. पाच मिनिटांत उत्तर: "मॅडम, हे रेट्रो आहे ना, कार्ड असंच जुनं दिसतं. कंपनीकडूनच तसं येतं."

गंमत अशी, की माणूस अगदीच खोटं बोलत नव्हता.

हे कशाबद्दल चाललंय ते सांगते. १९७८ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या केनर कंपनीने ‘स्टार वॉर्स’च्या बाहुल्या दुकानात आणल्या. उंची पावणेचार इंच, म्हणजे साधारण साडेनऊ सेंटिमीटर. मान, दोन खांदे, दोन मांड्या, एवढेच काय ते पाच सांधे. कोपर वाकत नाही, गुडघा वाकत नाही, बसवलं तर पाय समोर ताठ. केनर १९९१ मध्ये हॅस्ब्रोच्या ताब्यात गेली, २००० मध्ये तिचं सिनसिनाटीतलं ऑफिसही बंद झालं. आणि २०१९ मध्ये हॅस्ब्रोने त्याच बाहुल्या, त्याच उंचीच्या, तशाच ताठ, कार्डावर केनरचंच नाव छापून पुन्हा काढल्या. नाव ‘रेट्रो कलेक्शन’. तिकडे तेव्हा एक बाहुली दहा डॉलरच्या आसपास मिळायची. इथे येईपर्यंत तिचं काय होतं ते विचारू नका.

(बाहुली म्हटलं की जमवणारे लोक दुखावतात. "फिगर म्हणा हो." मी बाहुलीच म्हणणार. भातुकली खेळलेय मी.)

तर या नव्या कार्डांवर हॅस्ब्रोने जुनेपणसुद्धा छापून दिलंय. कडांना पांढुरके ओरखडे, मध्ये घडीच्या खुणा, चाळीस वर्षं कुणाच्या तरी माळ्यावर पडून असल्यासारखं रूप. दुकानदार त्याच्याच आडून बोलत होता. मी म्हटलं, बघूच.

प्लेटचे ठिपके तपासायला आमच्याकडे दहापट मोठं दाखवणारी लेन्स असते. ती आधी डाव्या कडेच्या ओरखड्यावर ठेवली. लेन्सखाली ओरखडा नव्हताच. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके आपापल्या ओळीत शहाण्या मुलांसारखे बसलेले, जिथे ‘झीज’ तिथे विरळ होत गेलेले आणि त्यांच्या फटींतून कागद दिसतोय. वरचा थर अखंड, नख फिरवलं तर काही लागत नाही. मग लेन्स सरकवून तिरक्या घडीवर नेली. तिथे ठिपक्यांची ओळ मध्येच तुटलेली, शाईचा पापुद्रा उडालेला आणि खालून पुठ्ठ्याचे तंतू उसवलेल्या गादीतल्या कापसासारखे वर आलेले. ही घडी कंपनीची नाही, वाटेतली. मोबाइल लेन्सला टेकवून दोन्हींचे फोटो काढले. एकावर लिहिलं "कंपनीची घडी", दुसऱ्यावर "तुमच्या पिशवीची घडी". पाठवून दिले. निळ्या टिका आल्या. उत्तर नाही आलं.

आमच्या मशीनवरचे काका मागे उभं राहून बघत होते. त्यांनी कार्ड हातात घेतलं, उजेडात तिरकं धरलं आणि विचारलं, "ही प्लेट पास कुणी केली?"

"काका, मुद्दाम छापलंय तसं. जुनं दिसावं म्हणून."

"मुद्दाम?" ते बराच वेळ कार्डाकडे बघत राहिले. "ताई, मागच्या दिवाळीत एवढ्याशा ओरखड्यापायी आपला सगळा लॉट परत आला होता."

माझं पहिलं आणि मोठं गाऱ्हाणं हेच आहे, आणि ते कुरिअरच्या भांडणाहून वेगळं आहे. केनरचं मूळ कार्ड ही छपाईची सुंदर वस्तू होती. काळी जमीन, तिच्यावर सिनेमातला फोटो, भोवती शर्यतीच्या ट्रॅकसारखी गोलाकार वळणं घेणारी चंदेरी पट्टी, खाली पात्राचं नाव. मागे पहिल्या बारा बाहुल्यांचे फोटो, म्हणून जमवणारे त्याला ‘ट्वेल्व्ह-बॅक’ म्हणतात. आता काळी जमीन छापणाऱ्याला विचारा. पुठ्ठ्यावर एवढा भरीव काळा दिला की प्रत्येक कड, प्रत्येक कोपरा पांढरा व्हायला टपलेला असतो. दुकानातल्या खिळ्यावर शंभर वेळा मागेपुढे सरकवला की टांगायच्या भोकापाशी आधी फाटतो, मग कोपरे मऊ पडतात, मग फुग्याच्या कडेने घडी बसते. फुगा स्वतः वर्षानुवर्षांनी पिवळा पडतो. ही झीज त्या त्या कार्डाची आपली असते. एखाद्याच्या आजीने किंमतीचं लेबल ओढून काढलेलं असतं, तिथला कागद सालासारखा निघालेला असतो. रेट्रोच्या कार्डावर ती सगळ्यांना सारखी वाटलीय. एकाच प्लेटवरून निघालेल्या हजारो कार्डांना त्याच जागी तीच सुरकुती. मला कोरं काळं कार्ड दिलं असतं तर मी ते स्वतः जुनं केलं असतं. मला वेळ आहे.

खेळण्याचं तसं नाही. खेळणं फार चांगलं आहे. पण त्याबद्दल बोलायचं तर आधी तुळशीबागेत जावं लागेल.

मी नऊ-दहा वर्षांची असताना आई आम्हां दोघांना तुळशीबागेत घेऊन गेली होती. मला स्टीलची भातुकली मिळाली आणि दादाला फनस्कूलचा जी. आय. जो, म्हणजे खेळण्यातला सैनिक. फनस्कूल म्हणजे १९८७ मध्ये हॅस्ब्रो आणि आपल्या टायरवाल्या एमआरएफने मिळून काढलेली कंपनी, तिचा कारखाना गोव्यात. आज जगभरचे लोक हे भारतीय जो शोधत फिरतात, कारण इथे त्यांचे रंग अमेरिकेपेक्षा वेगळे, कधीकधी अगदीच चक्रम निघायचे. तेव्हा आम्हांला काय त्याचं! मला एवढंच दिसत होतं, की दादाच्या माणसाचं कोपर वाकतं, गुडघा वाकतो, तो बंदूक दोन्ही हातांनी धरतो आणि माझ्या कुकरची शिटीसुद्धा निघत नाही.

त्या जोच्या कमरेत एक काळं रबरी कडं असायचं, त्यानेच वरचा आणि खालचा भाग जोडलेला. वर्ष-दीड वर्षात ते तुटलं आणि सैनिकाचे दोन तुकडे झाले. बाबांनी नळाच्या दुकानातून ओ-रिंग आणून बसवली, ती जरा जाड निघाली, तेव्हापासून तो पोट सुटल्यासारखा उभा राहायचा. दिवाळीत किल्ल्यावर कुंभारवाड्यातून आणलेल्या मातीच्या मावळ्यांच्या शेजारी त्याला पहाऱ्यावर ठेवत असू. मावळ्यांना एकही सांधा नाही. भाला हातातच घडवलेला. आणि तरी सबंध किल्ला त्यांच्याच जिवावर लढायचा, जो आपला दरवाज्यात उभा.

केनरच्या या बाहुल्या हातात घेतल्यावर मला जोपेक्षा तो मावळा आधी आठवला. पाच सांध्यांच्या बाहुलीला तुम्ही नवीन पवित्रा देऊ शकत नाही. ती उभी राहते किंवा बसते किंवा हात वर करते. बाकीचं तुम्ही करायचं, तोंडाने आवाज काढून. हल्ली त्याच उंचीच्या, केनरच्याच धर्तीच्या कार्डावर हॅस्ब्रोची ‘व्हिंटेज कलेक्शन’ ही दुसरी मालिकाही मिळते. तिच्यात मनगटापासून घोट्यापर्यंत सगळं वळतं, चेहरे थेट नटांचे. माझ्याकडे दोन आहेत. उभं करायला दहा मिनिटं लागतात आणि पंखा लावला की पडतात. रेट्रोचा स्टॉर्मट्रूपर, म्हणजे सिनेमातला पांढऱ्या चिलखतातला शिपाई, मात्र मशीनच्या थरथरीतसुद्धा उभा राहतो, मी करून बघितलंय.

या साधेपणामागे तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं हे कळल्यावर तर मला तो आणखीच आवडायला लागला. कारण घाई होती. सिनेमा मे १९७७ मध्ये आला, केनरशी करार त्याच्या जेमतेम आधी झाला आणि नाताळपर्यंत खेळणी साच्यातून निघणं शक्यच नव्हतं. मग केनरने जे केलं त्याला मी छपाईच्या धंद्यातला विजयस्तंभ मानते. त्यांनी पुठ्ठा विकला! ‘अर्ली बर्ड’ नावाचं एक पाकीट. आत एक प्रमाणपत्र, थोडे स्टिकर, क्लबचं कार्ड आणि बारा बाहुल्यांची चित्रं असलेला उभा करायचा पुठ्ठ्याचा देखावा. प्रमाणपत्र पोस्टाने पाठवा, चार बाहुल्या पुढच्या वर्षी घरी येतील: नायक ल्यूक, राजकन्या लेया, केसाळ च्यूबाका आणि यंत्रमानव आर-टू-डी-टू. नाताळच्या सकाळी अमेरिकेतल्या पोरांनी रिकामा पुठ्ठा उघडला आणि बापाकडे बघितलं. पोरांचं जाऊ द्या, त्या प्रिंटरचं बिल किती झालं असेल याचाच मी विचार करते.

उंचीचंही तसंच. त्याआधी अशा बाहुल्या बहुतेक आठ इंच ते फूटभर असायच्या, अमेरिकेतला पहिला जी. आय. जो बारा इंची होता. फूटभर माणूस बसेल असं अंतराळयान करायचं तर पोराला दुसरी खोली लागेल. माणूस पावणेचार इंचाचा केला की यान पलंगाखाली मावतं आणि बापाच्या खिशातही.

माहिती अपुरी होती म्हणून झालेल्या चुका तर मला पाठ आहेत. स्नॅगलटूथ नावाचं एक पात्र आहे, सिनेमात दारूच्या गुत्त्यात बसलेलं. केनरच्या लोकांकडे त्याचा कमरेपासून वरचाच फोटो होता. त्यांनी अंदाजाने खालचा भाग केला: उंचापुरा, निळा पोशाख, पायात मोठे बूट. नंतर कळलं की ते पात्र बुटकं, पोशाख लाल आणि पाय अनवाणी. सुधारलेला लाल बुटका मग सगळीकडे मिळायला लागला आणि सिअर्सच्या दुकानातल्या संचाबरोबर गेलेला निळा उंच आज जमवणाऱ्यांच्या काळजाचा तुकडा आहे. जावाचंही असंच. छोटंसं पात्र, त्याला आधी व्हिनाइलचा आखूड झगा होता. मोठ्या बाहुलीच्याच किमतीत हे एवढंसं काय देता, असं दिसू लागलं म्हणून कापडी झगा शिवला. आज तो व्हिनाइलवाला जावा खरा आहे की नाही हे तपासायला लोक माझ्यासारख्याच लेन्स घेऊन बसतात.

आणि बोबा फेट, ‘स्टार वॉर्स’मधला शिरस्त्राणवाला भाडोत्री शिकारी. १९७९ मध्ये केनरने कार्डावरच जाहिरात छापली, की बाहुल्या विकत घेतल्याचे एवढे पुरावे पाठवा आणि पाठीवरून रॉकेट सुटणारा बोबा फेट मिळवा. त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीच्या अंतराळयानातून सुटणारं क्षेपणास्त्र घशात अडकून एका मुलाचा जीव गेला. केनरने रॉकेट बाहुलीत घट्ट चिकटवूनच पाठवलं. पण छापून झालेल्या कार्डांचं काय? त्या चित्रावर स्टिकर मारला. हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसले. आमच्याकडे एमआरपी चुकली की रात्रभर बसून हेच करतात. सुटणाऱ्या रॉकेटचे जे थोडे नमुने बाहेर राहिले त्यांतल्या एकाला २०२४ च्या लिलावात ५ लाख डॉलरहून जास्त किंमत आली. माझ्याकडे बोबा फेट नाही. घ्यायचाय.

आता फुग्यातून बाहेर काढलेल्या बाहुल्यांकडे या. हो, मी काढते. कटरने फुग्याच्या तिन्ही कडा कापायच्या आणि चौथी बिजागरीसारखी ठेवायची, म्हणजे कार्ड शाबूत राहतं आणि बाहुली परत आत निजवता येते. धंद्यातली युक्ती आहे, फुकट देतेय.

लेया माझी सगळ्यात आवडती. पांढरा व्हिनाइलचा झगा अंगावेगळा होतो, हातात छोटी बंदूक, चेहऱ्यावर दोन ठिपक्यांचे डोळे आणि एक लाल रेघ. राजकन्या आहे की बँकेतली कॅशियर, सांगता येणार नाही. म्हणूनच ती दोन्ही होते. व्हेडरचा काळा झगाही व्हिनाइलचा, दोन भोकांतून हात काढलेला, स्कूटरच्या सीट कव्हरचं उरलेलं कापड शिवल्यासारखा. मूळ खेळण्यात व्हेडर आणि ल्यूकची तलवार हाताच्या पोकळीतच दडलेली असायची, खालचं बोंडूक सरकवलं की पंज्यातून बाहेर. अगदी सुरुवातीच्या ल्यूकच्या तलवारीतून तर आणखी एक सुईएवढी तलवार निघायची. ती लवकरच बंद केली, आता तीच लाखमोलाची. १९७८ च्या स्टॉर्मट्रूपरची तर मानच वळत नव्हती, धड आणि डोकं एकाच साच्यातून निघालेलं. पाच सांध्यांतला एक तिथेही वाचवला!

रेट्रोवाल्यांनी या सगळ्या कंजुषीला हात लावलेला नाही, आणि त्यांचं कौतुक मला त्यासाठीच आहे. २०१९ मध्ये चेहरा अगदी नटासारखा करणं अवघड नव्हतं. केला नाही. रंग नाकाच्या शेंड्यापर्यंत पोचवणं अवघड नव्हतं. पोचवला नाही. जुन्या खेळण्याचं जे काही गोड आहे ते पैसा, वेळ आणि माहिती कमी पडल्यामुळे आलेलं आहे. ती तूट त्यांनी जशीच्या तशी ठेवली म्हणून बाहुली जमली. कार्डावर मात्र तूट नको वाटली, वय हवं वाटलं. तिथे हुकलं.

याच मालिकेतलं आणखी एक पोट्टं सांगते, पोट्टं कसलं, म्हातारं आहे: टार्किन. सिनेमातला करड्या गणवेशातला बडा अधिकारी. केनरने त्या काळी त्याची बाहुली काढलीच नाही. कोणतं पोर वाढदिवसाला हेडक्लार्क मागेल? २०१९ मध्ये केनरचा जुना ‘एस्केप फ्रॉम डेथ स्टार’ हा पटाचा खेळ पुन्हा निघाला, त्याच्या खोक्यात हा टार्किन घालून दिला. म्हणजे १९७८ मध्ये जी बाहुली असायला हवी होती पण नव्हती, ती ४१ वर्षांनी १९७८ च्या हाताने घडवलेली. मला असल्या गोष्टींचं वेड आहे. दादाची मुलगी सिनसिनाटीत शिकते, तिने तो खेळ एका जुन्या-पुराण्या खेळण्यांच्या दुकानातून मिळवला. फोनवर म्हणाली, "आत्या, मी दुकानदाराला सांगितलं की माझ्या आत्याला फक्त तो म्हातारा हवाय, तर तो म्हणाला, तुझी आत्या खरी जाणकार आहे." नंतर तिनेच सांगितलं की केनर हे कंपनीवाल्यांचं आडनावच नाही. १९४६ मध्ये स्टायनर नावाच्या तीन भावांनी कंपनी काढली आणि रस्त्याचं नाव तिला दिलं. आमच्या प्रेसचं नावही गल्लीवरून आहे. गल्ली रुंदीकरणात गेली.

या ‘नसलेल्या खेळण्यां’चा कळस मात्र ‘स्टार वॉर्स’मध्ये नाही, ‘एलियन’मध्ये आहे. १९७९ चा तो सिनेमा मोठ्यांसाठी होता, सतरा वर्षांखालच्यांना एकट्याने जाता येत नव्हतं. तरी केनरने त्याचं खेळण्याचं हक्कपत्र घेतलं आणि दीड फुटी राक्षस काढला, पारदर्शक कवटी, तोंडातून बाहेर येणारा दुसरा जबडा. आयांनी तक्रारी केल्या, दुकानांत माल पडून राहिला. त्याच्यासोबत पावणेचार इंची पाच बाहुल्याही ठरल्या होत्या: नायिका रिप्ली, डॅलस, केन, अ‍ॅश आणि तो प्राणी. त्या नमुन्यापुढे गेल्याच नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘सुपरसेव्हन’ या खेळण्यांच्या कंपनीने २०१३ मध्ये त्या जुन्या नमुन्यांच्या आधाराने पाचही बाजारात आणल्या. त्यांची ही मालिका ‘रीअ‍ॅक्शन’ नावाने चालते. पुढच्या वर्षी ‘फंको’ या दुसऱ्या खेळणी-कंपनीला बरोबर घेऊन त्यांनी इतर सिनेमांच्याही बाहुल्या काढल्या, आता तर गायकांपासून भुतांपर्यंत सगळे पाच सांध्यांत उभे आहेत.

माझ्याकडे रिप्ली आहे. चेहरा त्या नटीचा आहे असं मी शपथेवर सांगणार नाही. आमच्या वाड्यातल्या लघुलेखन शिकवणाऱ्या बाईंसारखी दिसते, आणि त्या बाईही कुणाला भ्यायच्या नाहीत. व्हेडरच्या बाहुलीला माझ्या वयाच्या अमेरिकन माणसाची आठवण चिकटलेली असते, ती मला उसनी घ्यावी लागते. रिप्लीची आठवण तिकडेही कुणाला नाही, कारण ती कुणाच्याच लहानपणी नव्हती. इथे मी आणि तो सिनसिनाटीचा दुकानदार एकाच रांगेत. किंमत रेट्रोच्या दुपटीच्या जवळ जाते, वीस डॉलरच्या आसपास, ती मात्र टोचते. एवढ्या प्लॅस्टिकला एवढे पैसे का, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा मी त्याला त्याच्या क्रिकेटच्या बॅटा मोजायला सांगितल्या.

नकली मालाबद्दल दोन शब्द. जुन्या बाजारात मला एक बिनकार्डाचा स्टॉर्मट्रूपर मिळाला, पन्नास रुपयांत. घरी आणून माझ्याच्या शेजारी उभा केला तर डोक्याएवढा नाही पण कपाळाएवढा बुटका. खऱ्या बाहुलीवरून साचा काढला आणि त्यात प्लॅस्टिक ओतलं की ते थंड होताना आक्रसतं, म्हणून नक्कल नेहमी जराशी लहान निघते. पायाच्या मागची अक्षरंही बुजतात. कार्डावरचा नकली माल याहून सोपा पकडता येतो: छापील कार्डाचा फोटो काढून पुन्हा छापलं की ठिपक्यांवर ठिपके बसून चटईच्या विणीसारखी नक्षी उमटते. लेन्स नसेल तर मोबाइलचा कॅमेरा पूर्ण मोठा करून बघा, दिसते.

आणि आपल्या पावसाळ्यात यांना सांभाळा. कार्डावरच्या बाहुल्या भिंतीवर टांगल्या तर जुलैपर्यंत पुठ्ठा होडीसारखा वाकतो, कारण पुढून वार्निश आणि मागून उघडा, एकच बाजू दमट हवा पिते. उभ्या फायलींसारख्या एकमेकींना टेकवून, झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. व्हिनाइलचे झगे उन्हात ठेवू नका, चिकट होतात आणि खालचा रंग ओढून घेतात. कोकणात किंवा गोव्यात असाल तर माझी सहानुभूती.

पहिल्यांदा घेणाऱ्याने काय घ्यावं? रेट्रोतली लेया किंवा स्टॉर्मट्रूपर, उघडून खेळायला. कार्डासकट जपायचीच असेल तर रिप्ली, तिचं कार्ड तुम्हांला स्वतःच्या हाताने जुनं करता येईल. चेहरा हुबेहूब हवा असेल तर यातलं काहीच घेऊ नका. आणि विकत घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: खोक्यात घालून पाठवणार का? ज्याला हा प्रश्न समजत नाही त्याच्याकडून टूथब्रशसुद्धा घेऊ नका.

माझ्या दुकानदाराने तीन आठवड्यांनी दोनशे रुपये परत पाठवले, सोबत "फॉर पॅकेजिंग इश्यू" आणि एक हात जोडलेली खूण. मी अजून उरलेल्याच्या मागे आहे. व्हेडर उघडला. तो मशीनच्या पॅनेलवर उभा असतो, काका रोज सकाळी फडकं मारताना त्याला उचलतात आणि तोंड भिंतीकडे करून ठेवतात. का, ते विचारलं नाही. कार्ड मी पारदर्शक पाकिटात घातलंय, बॉलपेनने दोन बाण काढून: एक छापलेल्या घडीकडे, एक खऱ्या घडीकडे. ‘ग्राहकांच्या तक्रारी’ असं लिहिलेली जी फाइल आहे तिच्यात सगळ्यात वर लावलंय.